तिसरी गोळी

जांबोटीच्या पुढं रस्ता सोडून
दीड तास चाललं की म्हशींचा वास येतो,
मग कुत्री, मग धनगरवाडा.
अकरा घरं. मागच्या पावसाळ्यात
इथूनच नऊ काचपट्ट्या मी खानापूरला नेल्या,
शर्टाच्या खिशात, अंडी नेतात तशा जपून.

मायक्रोस्कोपखाली जांभळ्या रंगात
चंद्रकोरी दिसल्या. बारीक, सुबक,
कपाळासाठीच कुणी कोरल्यासारख्या.
त्यांनी ताप येत नाही.
माणूस बरा होऊन म्हशींमागं हिंडू लागतो
आणि त्या रक्तात बसून वाट बघतात
एका डासिणीची.
तेव्हापासून बीजेची कोर
मला सरळ बघवत नाही.

आज पिशवीत तीन तऱ्हेच्या गोळ्या,
वजनाचा काटा, आणि खांद्यावर एक बांबू,
त्यावर डॉक्टर हुद्दारबाईंनी केलेल्या लाल खुणा:
इथवर एक, इथवर दोन, इथवर तीन.
रजिस्टर कानडीत. माणसं मराठीत.
मी 'भागू धोंडू येडगे' ऐकतो
आणि गोल अक्षरांत उतरवतो.
चौदा वर्षं झाली, हात आपसूक वळतो.

पहिली तापाची, सांगितलं.
दुसरी त्या कोरींची.
तिसरी तळहातावर घेऊन बम्मू झोरे हसला.
"ही गोचिडांची न्हवं? म्हशींना देतोय की आम्ही.
आमाला कशाला देऊलालास?"

ही तुझ्यासाठी नाही, बम्मूदा.
तू गिळायची, मग जी डासीण
रात्री तुझं रक्त पिईल, ती दोन-चार दिवसांत मरेल.
तुला चावून झाल्यावरच.
तुझा त्यात काही फायदा नाही.
फायदा त्याचा,
ज्याला ती तुझ्यानंतर चावणार होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
एक रेडकू खुंट्याभोवती फिरत राहिलं.
असं गप्प बसणं मी खालीही पाहिलंय,
कौलांच्या कारखान्यामागं, मातीच्या खाणींपाशी,
जिथं पाणी साचतं आणि विजापूरकडची माणसं झोपड्या घालतात.
तिथं शिद्दव्वानं गोळी जिभेखाली धरली
आणि मी वळल्यावर थुंकली.
मला आवाज आला होता.
मी रजिस्टरात बरोबरची खूण केली.

मग नवलू काट्यावर चढली.
चौदा किलो, आठशे पन्नास ग्रॅम.
पंधराच्या आत द्यायची नाही.
ती उतरली, शेणाच्या हातानं फ्रॉक सावरला,
पुन्हा चढली, छातीभर श्वास घेऊन.
काटा तसाच.
तिच्या आईला पाचवा महिना, तिलाही नाही.
"मग माजा डास मरणार न्हाई?" पोरीनं विचारलं.

ह्याचं छापील उत्तर माझ्या पिशवीत होतं, कानडीतलं.

बम्मू उठला. बांबूला पाठ लावून
ताठ उभा राहिला, तिसऱ्या खुणेच्या वर,
आणि हात पुढं केला.
"तिच्या वाटणीची पण दे."
नाही देता येत, म्हटलं. खुणेइतकीच.

उतरायला उशीर झाला, तिथंच राहिलो.
डॉक्टरबाई बजावतात: हे लागू पडतंय का
ते अजून बघायचंय. कुणाला शब्द देऊ नका.
आणि डास तालुका बघत नाही, राज्य बघत नाही,
घाट उतरला की तिकडचा.

अंधार पडला तशा मच्छरदाण्या सुटल्या.
नवलूची मी स्वतः खोचली, चारी बाजूंनी.
बम्मू मात्र ओट्यावर, घोंगडं खाली अंथरून,
धोतर गुडघ्यांवर घेऊन बसला.
आत जा म्हटलं. गोळी घेतली
म्हणून जाळी सोडायची नसते.
"जातो की. थोडं बसू दे."

बारीक आवाज आला. नडगीवर टेकला.
जन्माच्या सवयीनं त्याचा हात वर गेला,
हवेत थांबला,
आणि हळूच परत मांडीवर आला.

"सावकाश," म्हणाला.